भुज, कोटी आणि कर्ण : एका विद्येचे स्थलांतर

मॉरिशसमधील माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मराठी मुलामुलींच्या वहीत काटकोन त्रिकोणाची आकृती येते, तेव्हा तिच्याबरोबर 'साइन', 'कोसाइन' आणि 'टॅन्जंट' अशी तीन अपरिचित नावेही येतात. इंग्रजीतून शिकविली जाणारी आणि पुष्कळदा फ्रेंच किंवा क्रिओल भाषेतून समजावून दिली जाणारी ही नावे मुलांना परकी वाटतात; घरातील वडीलधाऱ्यांना तर ती त्याहूनही परकी वाटतात. ही विद्या गोऱ्या साहेबाची; उसाच्या मळ्यात घाम गाळण्यासाठी आलेल्यांच्या कुळात ती कोठून असणार, असा एक समज मनात घर करून बसतो. हा समज इतिहासाला धरून नाही. त्या तीन नावांपैकी पहिले नाव मुळात संस्कृत शब्दापासून निघालेले आहे, आणि ते ज्या रीतीने बदलत गेले ती रीत करारबद्ध मजुरांच्या वंशजांना फारच ओळखीची आहे.

दिनांक २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' हे जहाज ३६ भारतीय मजुरांना घेऊन पोर्ट लुई बंदरात आले. त्यानंतरच्या दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे भारतातून या बेटावर आली. मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांतून कोकणातील व देशावरील मराठी माणसेही आली. घाटावर उतरताच नोंदवहीत प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, वय व उंची लिहून घेतली जाई. लिहिणाऱ्याच्या कानाला जे ऐकू येई ते त्याच्या भाषेच्या वळणाने वहीत उतरे. अनेक घराण्यांत बापाचे किंवा आजोबांचे नाव हेच पुढे आडनाव होऊन बसले, आणि एकाच कुळाच्या दोन शाखा दोन प्रकारे आपले नाव लिहू लागल्या. नाव बदलले, माणूस तोच राहिला. काटकोन त्रिकोणाच्या विद्येतही नेमके हेच घडले आहे.

ही विद्या मुळात कशासाठी निर्माण झाली, हे प्रथम पाहिले पाहिजे. जी उंची हाताने मोजता येत नाही ती जमिनीवर उभे राहूनच मोजावी, ही मनुष्याची फार जुनी गरज आहे. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे १५५० या काळातील एका पपायरसवर पिरॅमिडच्या उताराची उदाहरणे सोडविलेली आढळतात. तेथे एक हात उंची चढण्यासाठी बाजू आडवी किती सरकते, या मापाला 'सेकेद' असे नाव होते. ग्रीक परंपरेत थेलीस या तत्त्वज्ञाने पिरॅमिडची उंची त्याच्या सावलीवरून काढल्याची कथा सांगितली जाते. भारतात यज्ञवेदी रचणाऱ्यांच्या शुल्बसूत्रांत काटकोनाच्या बाजूंचे आणि कर्णाचे नाते दोरीच्या साहाय्याने सांगितलेले आहे. बौधायनांच्या सूत्रांत ते स्पष्ट शब्दांत येते. दोरी, काठी आणि सावली एवढीच या विद्येची पहिली साधने होत.

या बेटावरील एक उदाहरण घेतले म्हणजे मूळ कल्पना ध्यानात येईल. जुन्या साखर कारखान्यांची दगडी धुराडी अद्याप अनेक ठिकाणी उभी आहेत. समजा, अशा एका धुराड्याची उंची काढावयाची आहे. सपाट जमिनीवर एक मीटर लांबीची काठी सरळ उभी करावी आणि तिची सावली मोजावी. ती ७५ सेंटिमीटर भरली असे समजू. त्याच क्षणी धुराड्याची सावली त्याच्या बुंध्याच्या मध्यापासून मोजावी. ती १५ मीटर भरली असे समजू. सूर्य फार दूर असल्यामुळे त्याचे किरण काठीवर व धुराड्यावर सारख्याच तिरकसपणे पडतात. म्हणून काठी व तिची सावली यांचे जे प्रमाण, तेच धुराडे व त्याची सावली यांचे प्रमाण. १०० ला ७५, म्हणजे ४ ला ३. सावली १५ मीटर, म्हणून धुराडे २० मीटर. कोणी वर चढले नाही, कोणी दोर टाकला नाही. तरी उंची हाती आली.

येथे दोन काटकोन त्रिकोण तयार झाले आहेत. एक काठीचा, दुसरा धुराड्याचा. प्रत्येकात उभी बाजू, आडवी बाजू आणि काठीच्या किंवा धुराड्याच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंत जाणारी तिरपी रेषा अशा तीन रेषा आहेत. ही तिरपी रेषा म्हणजे कर्ण. काटकोनासमोरची ती बाजू आणि तिन्हींत सर्वांत लांब. काठीच्या त्रिकोणात तो १२५ सेंटिमीटर होतो, धुराड्याच्या त्रिकोणात २५ मीटर. आता सावलीच्या टोकाशी होणाऱ्या कोनाकडे पाहावे. त्या कोनासमोरील बाजू म्हणजे उंची; त्याच्या लगतची बाजू म्हणजे सावली. समोरील बाजूस कर्णाने भागले तर दोन्ही त्रिकोणांत ४/५ हीच संख्या येते. लगतच्या बाजूस कर्णाने भागले तर दोन्हींत ३/५ येते. समोरील बाजूस लगतच्या बाजूने भागले तर दोन्हींत ४/३ येते.

शाळेतील तीन नावे ती हीच. समोरील बाजू आणि कर्ण यांचे गुणोत्तर म्हणजे साइन, लगतची बाजू आणि कर्ण यांचे गुणोत्तर म्हणजे कोसाइन, समोरील आणि लगतची बाजू यांचे गुणोत्तर म्हणजे टॅन्जंट. त्रिकोण लहान असो की डोंगराएवढा असो, कोन तोच असेपर्यंत ही तीन गुणोत्तरे तीळभरही बदलत नाहीत. लांबी बदलते, गुणोत्तर टिकते. कोनाचे माप एकदा कळले म्हणजे गुणोत्तर कळते, आणि गुणोत्तर व एक बाजू कळली म्हणजे उरलेल्या बाजू कळतात. साऱ्या त्रिकोणमितीचा पाया एवढाच आहे. शिकणाऱ्याने तो एकदा काठी व सावली घेऊन स्वतः पाहिला, तर पुढील सूत्रे पाठ करण्याचे ओझे निम्मे हलके होते.

परंतु प्रत्येक कोनासाठी ही गुणोत्तरे आधीच काढून ठेवलेली असल्याखेरीज त्यांचा खरा उपयोग नाही. ते काम ज्योतिषांनी केले, कारण आकाशातील ग्रहांना काठी लावता येत नाही. ग्रीक ज्योतिषी हिपार्कस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वर्तुळातील जीवांचे कोष्टक तयार केले होते असे मानले जाते. टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात अर्ध्या अर्ध्या अंशाच्या अंतराने केलेले असे कोष्टक आजही उपलब्ध आहे. हे कोष्टक वर्तुळातील पूर्ण जीवेचे होते, म्हणजे परिघावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या अखंड रेषेचे होते.

ग्रीक ज्योतिषाशी भारतीय ज्योतिषाचा परिचय इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत झालाच होता. रोमक व पौलिश या सिद्धांतांच्या नावांवरूनही तो दिसतो. भारतीय पंडितांनी त्यात जो मोठा बदल केला तो असा, की पूर्ण जीवेऐवजी त्यांनी तिचा अर्धा भाग घेतला. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य, त्याची दोन टोके जोडणारी रेषा म्हणजे धनुष्याची दोरी, अर्थात 'ज्या' किंवा 'जीवा'. या दोरीचा अर्धा भाग तो 'ज्यार्ध'. पुढे बोलण्याच्या सोयीसाठी 'अर्ध' शब्द गळाला आणि नुसते 'ज्या' एवढेच राहिले. अर्धी दोरी घेतली म्हणजे लगेच काटकोन त्रिकोण मिळतो : वर्तुळाची त्रिज्या हा कर्ण, अर्धी दोरी ही कोनासमोरील बाजू, आणि केंद्रापासून दोरीच्या मध्यापर्यंतचे अंतर ही लगतची बाजू. समोरील बाजू तो भुज, लगतची ती कोटी. कोटी म्हणजे धनुष्याचे टोक. प्रत्येक उदाहरणात जीवा दुप्पट-निमपट करीत बसण्याचा त्रास या एका बदलाने संपला.

आर्यभटांनी 'आर्यभटीय' या ग्रंथात इसवी सन ४९९ या वर्षी आपले वय २३ असल्याचे सांगितले आहे. या ग्रंथात पाव वर्तुळाचे २४ समान भाग करून प्रत्येक भागाच्या ज्येतील वाढ एका श्लोकात सांगितली आहे. अक्षरांना संख्यांचे मोल देण्याची त्यांची स्वतःची रीत होती. म्हणून चोवीस संख्या एवढ्या थोड्या जागेत मावल्या आणि विद्यार्थ्याला तोंडपाठ ठेवता आल्या. संपूर्ण वर्तुळाच्या २१,६०० कला मानल्या तर त्याची त्रिज्या सुमारे ३,४३८ कला येते. तीच त्रिज्या या कोष्टकात आहे. पहिल्या आठ वाढी अशा : २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५ आणि १९९. वाचकांनी त्यांची बेरीज करून पाहावी. ती १,७१९ येते.

आठवा भाग म्हणजे तीस अंश, कारण एक भाग पावणेचार अंशांचा आहे. १,७१९ ही संख्या ३,४३८ च्या बरोबर निम्मी आहे. आज शाळेत मुले 'साइन ३०° म्हणजे अर्धा' असे जे पाठ करतात, ते सत्य पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या श्लोकात असे बसलेले आहे. त्याचा अर्थ व्यवहारात सोपा आहे : तीस अंशांच्या चढाची सरळ वाट शंभर मीटर चालून गेल्यास मनुष्य पन्नास मीटर उंच चढलेला असतो. पुढील वाढी मिळवीत गेल्यास पंचेचाळीस अंशांची ज्या २,४३१ आणि साठ अंशांची २,९७८ मिळते. या संख्यांना ३,४३८ ने भागावे. उत्तरे अनुक्रमे सुमारे ०.७०७ आणि ०.८६६ येतील. आजच्या यंत्रावर बटण दाबून मिळणारी उत्तरे पहिल्या तीन दशांशस्थळांपर्यंत हीच आहेत.

आता या शब्दाच्या प्रवासाकडे वळावे. इसवी सन ७७३ च्या सुमारास बगदाद येथे खलिफा अल-मन्सूर याच्या दरबारी सिंधकडून एक शिष्टमंडळ आले आणि त्याच्याबरोबर भारतीय ज्योतिषविद्याही आली. तेथील पंडितांनी सिद्धांतग्रंथाचे अरबीत रूपांतर केले आणि 'सिंदहिंद' या नावाने ती परंपरा तेथे रुजली. 'जीवा' या शब्दाला अरबीत अर्थ नव्हता. म्हणून त्यांनी तो जसा ऐकला तसा 'जिबा' असा घेतला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे कागदावर केवळ 'ज' आणि 'ब' या दोन व्यंजनांचा सांगाडा उरला. पुढील काळातील वाचकांना 'जिबा' हा परका शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी त्या सांगाड्यात आपल्या ओळखीचे स्वर भरले आणि तो 'जैब' असा वाचला. जैब म्हणजे अंगरख्याच्या गळ्याजवळची घडी किंवा खोळ. हिंदुस्थानी भाषेत खिशाला 'जेब' म्हणतात, तो हाच शब्द होय.

बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे होऊ लागली. भाषांतरकारांनी 'जैब' पाहिला, त्याचा शब्दशः अर्थ घडी किंवा खोळ असा घेतला आणि लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा 'सिनुस' हा शब्द लिहिला. त्यावरून इंग्रजी 'साइन' आणि फ्रेंच 'सिन्यूस' झाला. धनुष्याची दोरी वाटेत कपड्याची घडी झाली! उच्चार बदलला, अर्थ बदलला, लिपी दोनदा बदलली. पण कोनासमोरील बाजूशी असलेले तिचे नाते कोणीही बदलू शकले नाही, कारण ते नाते शब्दात नसून त्रिकोणात होते.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. स्वदेशाभिमानाच्या भरात सर्वच शब्द आपले ठरविण्याचा मोह होतो. 'कोसाइन' मधील 'को' हा आपल्या 'कोटिज्या' किंवा 'कोज्या' मधील 'को' आहे असे कित्येकांना वाटते. ते खरे नाही. तो लॅटिनमधील 'पूरक' या अर्थाच्या शब्दाचा संक्षेप आहे आणि एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये तो वापरला. दोन्ही अक्षरांचे साम्य योगायोगाचे आहे. कल्पना मात्र दोन्हीकडे एकच आहे : काटकोन त्रिकोणातील दोन लघुकोनांची बेरीज नव्वद अंश असते, म्हणून एका कोनाची कोज्या ती दुसऱ्या कोनाची ज्या असते. त्याचप्रमाणे टॅन्जंट या गुणोत्तराच्या कोष्टकांचे श्रेय मुख्यतः अरबी भाषेत लिहिणाऱ्या ज्योतिषांकडे जाते. नवव्या व दहाव्या शतकांत हबश, अल-बत्तानी आणि अबुल वफा यांनी काठी व सावली यांच्या प्रमाणांची कोष्टके रचली आणि त्या गुणोत्तराला ते 'सावली' असेच म्हणत. प्रत्येक मुक्कामावर या विद्येत भर पडली, आणि ज्याने जी भर घातली तिचा मान त्याला दिला पाहिजे.

ज्या शतकात स्पेनमध्ये 'जैब' चे 'सिनुस' होत होते, त्याच शतकात सह्याद्रीच्या परिसरात भास्कराचार्य होऊन गेले. त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला आणि वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी 'सिद्धांतशिरोमणि' रचला. आपले गाव सह्य पर्वताजवळ असल्याचे त्यांनीच लिहून ठेवले आहे. ज्या कशा काढाव्यात याचे विवेचन त्यांनी 'ज्योत्पत्ति' या प्रकरणात केले असून दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याचा नियमही त्यात आहे. 'लीलावती' मध्ये मात्र त्यांनी ही विद्या अगदी घरगुती उदाहरणांतून शिकविली. त्यांतील एक उदाहरण वेळूचे आहे. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. तर तो किती उंचीवर मोडला?

उत्तर बारा हात असे आहे. बारा हात उभा भाग, सोळा हात जमीन आणि वीस हात तिरपा पडलेला भाग. बारा आणि वीस मिळून बत्तीस. आता शेंडा टेकला तेथील कोन घेतल्यास समोरील बाजू व कर्ण यांचे गुणोत्तर ३/५ येते, लगतची बाजू व कर्ण यांचे ४/५ येते. धुराड्याच्या उदाहरणात हेच दोन आकडे उलट जागी होते. कारण उघड आहे : वेळूच्या त्रिकोणातील हा कोन धुराड्याच्या त्रिकोणातील सावलीपाशी असलेल्या कोनाचा पूरक आहे. एकाची ज्या ती दुसऱ्याची कोज्या, हा वर सांगितलेला नियम येथे डोळ्यांनी दिसतो. मॉरिशसमधील साखरेचे धुराडे आणि भास्कराचार्यांचा वेळू हे एकाच घराण्यातील त्रिकोण आहेत.

भास्कराचार्यांची विद्या त्यांच्या मागे कशी टिकली, ही हकिकत मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेव राजाने शके ११२८ मध्ये त्याला दान दिले, असे त्यात नमूद आहे. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. परंतु मठाला कोणते उत्पन्न लावून दिले हे सांगणारा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकावयास येणाऱ्या मालावरील राजाच्या हिश्शाचा त्यात उल्लेख आहे. ज्येचे गणित शिकविणाऱ्या मठाचा खर्च असा बाजारपेठेतील देवघेवीतून चालला, आणि त्याची व्यवस्था सर्वांना कळावी म्हणून लोकांच्या भाषेत लिहिली गेली. या बेटावरील जुन्या पिढीने दिवसभराच्या कष्टानंतर बैठकांमधून मुलांना अक्षरओळख करून दिली, त्या परंपरेचे नाते पाटणच्या मठाशी सहज जुळते.

युरोपात गेलेल्या या विद्येला तेथे नवे रूप मिळाले. कोपर्निकसचा शिष्य रेटिकस याने १५५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत वर्तुळ बाजूला ठेवून काटकोन त्रिकोणाच्या बाजूंवरूनच ही गुणोत्तरे मांडली. आज शाळेत ती ज्या रीतीने शिकवितात ती रीत ही. 'टॅन्जंट' हे नाव १५८३ मध्ये थॉमस फिंके याने दिले आणि 'ट्रिगोनोमेट्री' हा शब्द १५९५ मध्ये पिटिस्कस याच्या ग्रंथाच्या नावात प्रथम आला. दर्यावर्दी, तोफखान्याचे अधिकारी व जमीन मोजणारे यांच्या हाती कोष्टकांची पुस्तके आली, आणि जी विद्या ग्रहांसाठी जन्मली ती पृथ्वीवरील सत्तेचे हत्यार झाली.

या रूपातच ती या बेटावर उतरली. फ्रेंच ज्योतिषी निकोला-लुई द लाकाय हा दक्षिण आफ्रिकेतील केप येथील वेध आटोपून १७५३ मध्ये येथे आला आणि त्याने त्रिकोण पाडून बेटाची मोजणी केली. या पद्धतीत सपाट जमिनीवरची एक रेषा काळजीपूर्वक मोजतात. मग तिच्या दोन्ही टोकांपासून डोंगराच्या शिखरांकडे होणारे कोन मोजतात, आणि उरलेली सारी अंतरे ज्यांच्या कोष्टकावरून काढतात. म्हणजे 'ॲटलास' जहाज पोर्ट लुईला लागण्याच्या ८१ वर्षे आधी भारतीय 'ज्या' फ्रेंच नाव धारण करून या बेटावर येऊन पोचली होती. मजूर आले तेव्हा त्या दोघांची गाठ पडली. पण परस्परांना कोणी ओळखले नाही.

ओळख न पटण्याची किंमत लहान नव्हती. मळ्यात काम मोजून दिले जाई, जमीन मोजून दिली जाई, आणि मोजणारा नेहमी दुसराच असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या मळ्यांचे तुकडे पाडून विक्री सुरू झाली आणि पै पै साठवलेल्या भारतीय कुटुंबांनी जमिनीचे लहान लहान तुकडे विकत घेतले. त्या तुकड्याच्या सीमा, कोन आणि क्षेत्रफळ ज्या खतात लिहिलेले असे ते फ्रेंच भाषेत असे. ज्याला अक्षर किंवा आकडा येत नसे, त्याला आपल्याच शेताचा आकार दुसऱ्याच्या शब्दावर मान्य करावा लागे. ज्ञान परके वाटले म्हणजे मनुष्य ते दुसऱ्यावर सोपवितो, आणि एकदा सोपविले म्हणजे न्यायासाठी त्याच्याच तोंडाकडे पाहावे लागते. म्हणूनच पुढील पिढ्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी जे पोटाला चिमटे घेतले, त्यांचे मोल फार मोठे आहे.

या विद्येतील एक प्रयोग असा आहे, की तो मॉरिशसमधील मराठी माणसाला पूर्वजांच्या प्रवासाचे माप प्रत्यक्ष दाखवितो. भारतीय ज्योतिषी बारा अंगुळे उंचीचा शंकू सपाट भूमीवर उभा करीत. दिवस व रात्र समान असतात त्या दिवशी, म्हणजे २१ मार्चच्या किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, माध्यान्ही त्याची जी सावली पडते तिला 'पलभा' म्हणतात. सावलीस शंकूने भागले म्हणजे त्या स्थळाच्या अक्षांशाचा टॅन्जंट मिळतो. रत्नागिरी सुमारे सतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे पलभा पावणेचार अंगुळांस थोडी कमी भरते. पोर्ट लुई सुमारे वीस अंश दक्षिण अक्षांशावर आहे. येथे ती साडेचार अंगुळांस थोडी कमी भरते. रत्नागिरीस ती सावली उत्तरेकडे पडते, पोर्ट लुईस दक्षिणेकडे.

कोकणातून निघालेल्या माणसाने जहाजावर विषुववृत्त ओलांडले तेव्हा त्याला कोणी काही सांगितले नसेल. पण येथे आल्यावर वर्षातील बहुतेक दिवस दुपारची सावली गावाकडच्या उलट दिशेला पडू लागली, हे शेतात राबणाऱ्याच्या डोळ्यांस दिसल्यावाचून राहण्यासारखे नव्हते. दिशा उलटली, लांबी बदलली. परंतु शंकू, सावली आणि कर्ण यांना बांधणारा नियम रत्नागिरीस जो होता तोच येथेही होता.

समाजाच्या एखाद्या शाळेच्या अंगणात बारा अंगुळांचा शंकू उभा करण्यास खर्च येत नाही. सरळ काठी, ओळंबा, मोजपट्टी आणि दिवस व रात्र समान असतात त्या दिवशीची स्वच्छ दुपार एवढे पुरे. मुलांनी सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा तिच्या टोकाशी खूण करावी, सावलीस शंकूने भागावे आणि आलेली संख्या कोष्टकात शोधावी. समोर येईल तो ते उभे असलेल्या स्थळाचा अक्षांश असेल. मग गुरुजींनी फळ्यावर 'साइन', 'कोसाइन' आणि 'टॅन्जंट' यांच्याशेजारी 'ज्या', 'कोज्या' आणि 'स्पर्शज्या' हे शब्दही लिहावेत, आणि पहिल्या दोन शब्दांमधील नाते मुलांना समजावून सांगावे. परीक्षेत इंग्रजी नावेच लिहावी लागतील, आणि त्यात कमीपणा काही नाही. आप्रवासी घाटावरच्या वहीत ज्यांची नावे वाकडीतिकडी उतरली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांना हे सहज कळेल, की लिहिलेले नाव आणि नावामागचे कूळ या दोन गोष्टी वेगळ्या असतात, आणि कूळ शोधून काढता येते.